पाराभोवतीचं इंग्रजी

आमच्या घरात उद्याबद्दल 'नाही' म्हणायला बंदी होती. झालेल्या गोष्टीबद्दल खुशाल म्हणावं. म्हैस पाण्यावर गेली नाही, तुरीला शेंगा धरल्या नाहीत, अमक्याच्या पोराला अक्कल नाही, यातलं काहीही चालायचं. पण पुढं घडायच्या गोष्टीला 'नाही' लावलं की आई डोळे वटारायची. वास्तू तथास्तु म्हणत असते, आणि ती नेमकी कोणत्या घटकेला म्हणते हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे सदासर्वकाळ तोंड सांभाळायचं, अशी तिची शिस्त. त्यामुळे वडील दुपारी जेवायला येणार नसले तरी "येतो, उशीर होईल," म्हणून शेताकडे निघायचे आणि दिवेलागणीला उगवायचे. कोणाला बैलजोडी द्यायची नसली तर "पाहू" म्हणायचे. मागणारा समजून जायचा आणि वाईट कोणालाच वाटत नसे.

हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वेगळं आहे हेच कळलं नव्हतं. कळलं ते इंग्रजी शिकताना, आणि तेही अर्धवटच.

तेव्हा मी विशीतली होते आणि देऊळगाव राजाला माहेरी राहत होते. लग्न तिकडे सोनाळ्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी झालेलं. पहिल्या दिवाळीला वडील मला घेऊन आले. दिवाळी झाली की सासरचं माणूस न्यायला येईल असं ठरलं होतं. आमच्याकडे लेकीनं आपल्या पायानं सासरी परत जायचं नसतं. न्यायला माणूस यावं लागतं, त्याला जेवू घालायचं, लेकीची ओटी भरायची आणि मग पाठवायचं. आपणहून गेलेल्या बाईला दारातच विचारतात, काय गं, माहेरच्यांनी हाकललं का. म्हणून मी थांबले. सासरहून निरोप आला, संक्रांत झाली की येतो. मग आला, पेरण्या उरकल्या की येतो. मग, पोळा झाला की. प्रत्येक निरोपाला आई ट्रंक उघडून माझी लुगडी उन्हात घालायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. कोणीही एकदाही असं म्हणालं नाही की आम्ही नेणार नाही. का नेत नाहीत, तेही कोणी सांगितलं नाही. मी नवऱ्याशी भांडले नव्हते, सासूला उलटून बोलले नव्हते, मानपानात काही उणं राहिल्याचं कानावर नव्हतं. मी पुष्कळ आठवून पाहिलं. मला अजूनही माहीत नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आम्ही आधी मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात. गाव जागचं हललं नाही आणि आपण मात्र फिरतोय, असं वडील हसून म्हणायचे. माझंही तसंच काहीतरी झालं होतं. बायका हळदीकुंकवाला मला बोलवायच्या, पण ओटी भरताना क्षणभर थांबायच्या. त्या का थांबतात ते त्यांना सांगता आलं नसतं आणि मला विचारता आलं नसतं.

अशाच एका वर्षी वडिलांनी मॅट्रिकची पुस्तकं आणून माझ्यापुढे ठेवली. मी सातवी पास होते. "बाहेरून बस परीक्षेला," ते म्हणाले. "मास्तरीण होशील. उद्या जर त्यांनी," आणि तिथं ते थबकले, कारण पुढचा शब्द 'नाही' होता. ते पान खायला बाहेर निघून गेले.

हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे सर पुण्याकडचे होते. सकाळी शाळा भरायच्या आधी ते बाहेरून बसणाऱ्या चारदोन जणांना व्हरांड्यात शिकवायचे. त्यांत बाई मी एकटीच, म्हणून खांबाआड बसायचे. आमची बोली कानावर पडली की सरांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा, पण माणूस मन लावून शिकवणारा. त्यांचं एक ठाम मत होतं. होकाराची वाक्यं कोणीही करतो, भविष्यकाळातला नकार ज्याला जमला त्याला इंग्रजी जमलं. त्यामुळे ते क्रियापदं शिकवायचे ती 'विल नॉट' लावूनच. विल नॉट गिव्ह अप. विल नॉट गिव्ह इन. विल नॉट पुट ऑफ. विल नॉट पुट अप विथ.

माझा गोंधळ इथं सुरू झाला. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. मग गिव्ह अप म्हणजे वर देणे असायला हवं. तर ते सोडून देणे. इन म्हणजे आत, पण गिव्ह इन म्हणजे नमतं घेणे. पुट म्हणजे ठेवणे, पुट ऑफ म्हणजे लांबणीवर टाकणे, आणि पुट अप विथ म्हणजे, वर कशाच्या सोबत काय ठेवायचं देव जाणे, सहन करणे. आपल्याकडे वर, खाली, साठी हे शब्द नामाला गुमान चिकटून बसतात. घरावर, झाडाखाली, पोटासाठी. इथं ते क्रियापदाच्या मागे हात धुऊन लागलेले, आणि एकदा लागले की ते क्रियापद आपल्या जन्मदात्यालाही ओळखत नसे. एक दिवस धीर करून मी विचारलं, "सर, वर दिल्यावर सुटतं कसं?"

"पाठ करा," सर म्हणाले. "का, ते विचारू नका. वाक्य मोठ्यानं म्हणायचं, लगेच मराठी अर्थ म्हणायचा, की पुढचं वाक्य. आणि चालत चालत म्हणा. बसून म्हटलं की झोप येते."

त्या संध्याकाळी मी ओसरीवर येरझाऱ्या घालत सुरू केलं. "दे विल नॉट सेंड फॉर हर. ते तिला बोलावणं पाठवणार नाहीत." वाक्य सरांनी दिलेलं. ते कोण, ती कोण, याच्याशी सरांना काही देणंघेणं नव्हतं आणि पाठांतराच्या नादात मलाही राहिलं नव्हतं. आई आत भाकरी थापत होती. ती तशीच उठली आणि पिठाच्या हातानं तिनं माझं तोंड दाबलं.

"तिन्हीसांजेला, भरल्या घरात, काय बोलतीस गं हे?"

"आई, अभ्यास आहे. इंग्रजी आहे ते."

"मागून मराठीत सांगितलंस की."

"मग मराठी म्हणत नाही. नुसतं इंग्रजी म्हणते."

"देवाला समद्या भाषा येतात," आई म्हणाली. "घरात नको, अंगणातबी नको. बाहेर कुठं जाऊन म्हण काय म्हणायचं ते."

एरवी मला हसू आलं असतं. पण त्या वाक्याचा अर्थ मला आईच्या हाताखाली तोंड दाबलेलं असताना कळला होता, आणि त्यानंतर ते वाक्य मला बरेच दिवस म्हणवेना.

गावाच्या कडेला ओढ्याच्या अंगाला एक पिंपळ होता, त्याला दगडी पार बांधलेला. सकाळी तिकडे वर्दळ नसायची. सरांचा वर्ग सुटला की मी तिकडे जायचे. पहाटे आंघोळ करून, ओले केस तसेच गुंडाळून, काही न खाता मी वर्गाला निघत असे, कारण इतक्या लवकर चूल पेटलेली नसे. सरळ रेषेत चाललं तर लगेच ओढा लागायचा, म्हणून मी पाराभोवती गोल फिरायचे. कोणतं वाक्य झालं आणि कोणतं राहिलं याचा मेळ लागत नव्हता, म्हणून डाव्या मुठीत चिंचोके घ्यायचे आणि वाक्य झालं की एक उजव्या मुठीत टाकायचे. आणि बाईमाणसानं उघड्यावर मोठ्यानं बडबडणं बरं दिसत नाही म्हणून म्हणायचे ते पुटपुटतच.

आता सांगताना मला सगळं लख्ख दिसतं. तेव्हा खरंच सुचलं नाही. सवाष्ण बाई, नवऱ्यानं माहेरी ठेवलेली, सकाळी न्हाऊन उपाशीपोटी पिंपळाला फेऱ्या घालते, ओठ हलताहेत, हातात काहीतरी मोजते आहे. गावानं दुसरा काय अर्थ लावायचा? हिनं नवऱ्यासाठी व्रत धरलंय, असं ठरून गेलं. ओढ्यावर धुणं धुवायला येणाऱ्या बायका मला बघून बाजूला व्हायला लागल्या. पारावर कोणी हळदकुंकवाची पुडी ठेवून जाई. ओटी भरताना थांबणारे हात थांबेनासे झाले, उलट आता मला आधी बोलावणं येऊ लागलं. मला ते आवडलंही, पण त्याचं कारण काही कळेना. मी मॅट्रिकला बसणार म्हणून मान देत असतील, असा माझा समज.

तो समज एका म्हातारीनं मोडला. तिची लेकही माझ्यासारखीच माहेरी पडून होती. एका सकाळी ती पाराशी वाट पाहत उभी राहिली आणि मी थांबल्यावर हळूच म्हणाली, "बाई, कोन्ता मंत्र हाय हा? माह्या पोरीलेबी शिकव. तिलेबी नेऊन नाही राह्यले."

"आजी, हा मंत्र नाही. इंग्रजी आहे. परीक्षेचा अभ्यास करते मी."

 तिनं समजूतदारपणे मान हलवली. "नको सांगू. मंत्र फुटला की फळ जाते. मले कळते." आणि माझ्या पाया पडून गेली. माझ्या आईहून मोठी बाई. मी चिंचोके हातात धरून तशीच उभी.

त्यानंतर मी आणखी दोघीतिघींना खरं सांगून पाहिलं. प्रत्येकीला ते माझं मोठेपण वाटलं. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणू दे ना लोकांना. वाईट तर बोलत नाहीत." शेवटी मी सांगणं सोडून दिलं.

इकडे अभ्यासात सरांनी नवीनच घोळ घातला होता. स्वतःबद्दल बोलताना 'शॅल नॉट' म्हटलं तर ते आपसूक न होणारं, आणि 'विल नॉट' म्हटलं तर त्यात बोलणाऱ्याचा निर्धार. मी पाराभोवती फिरताना 'गो बॅक'ला दोन्ही लावून पाहिले. मी परत जाणार नाही, कारण कोणी नेणार नाही. मी परत जाणार नाही, कारण मला जायचं नाही. मराठीत दोन्ही एकच. त्यातलं माझं कोणतं, हे मला सांगता येईना. बुलढाण्याकडची एसटी आली की माझी मान आपोआप स्टँडकडे वळायची. गाडीतून कोणी ओळखीचं उतरलं नाही की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटायचं.

क्रियापदांचं खूळ मात्र फक्त इंग्रजांचं नाही, हे हळूहळू ध्यानात आलं. आपण बोलतो ते वेगळं, बोलून जातो ते वेगळं आणि बोलून दाखवतो ते आणखी वेगळं. मुलगी देणं वेगळं आणि मुलगी देऊन टाकणं वेगळं. हे मी सरांना सांगायला हवं होतं. खांबाआडून एवढं बोलायचा धीर झाला नाही.

आश्विनात बालाजीची यात्रा भरली. जिल्हाभरातून माणसं आली, तशी सोनाळ्याकडचीही आली, आणि पिंपळाला फेऱ्या घालणारी ही सून त्यांना कोणीतरी मुद्दाम नेऊन दाखवली. मला पत्ताच नव्हता. मी आपली गिव्ह अप आणि गिव्ह इन यांच्यात अडकलेली.

परीक्षा तोंडावर आली असताना एका सकाळी माझे सासरे, माझा नवरा आणि त्यांच्या गावातले एक पाटील एसटीतून उतरून थेट आमच्या ओसरीवर आले. सोबत नवं लुगडं, खण, नारळ. मी पारावरून घरी आले तर आईच्या डोळ्यांना धार लागलेली आणि चुलीवर पुरणाची डाळ चढलेली.

सासरे वडिलांना सांगत होते, "पोरीनं आमच्या घरासाठी उपास धरला म्हन्तात. साऱ्या गावात झालं. जो भेटते तो इचारते, का बाप्पा, अशी लक्ष्मी तुमी माहेरी काऊन ठेवली? मले तोंड दाखवाले जागा नाही राह्यली. उद्याच्या गाडीनं घेऊन जातो."

नवरा खाली मान घालून बसला होता. त्यानं नवा सदरा घातला होता आणि त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

मी आतल्या दाराशी उभी होते. हेच शब्द ऐकायला मी किती सणांची वाट पाहिली होती. आता ते ऐकले आणि मी मनात आनंद शोधू लागले. कुठंतरी ठेवलेला असेल, सापडेल, असं वाटत होतं. सापडेना. भीती होती, थोडी लाज होती, आणि उद्या सकाळी सर वर्गात नवीन क्रियापदं घेणार आहेत तो वर्ग बुडणार, ही एक वेडगळ हळहळ होती.

मी बाहेर आले आणि सासऱ्यांना म्हणाले, "मामंजी, मी व्रत धरलेलं नाही. मी इंग्रजी पाठ करत होते."

पाटील कौतुकानं हसले. "बराबर हाय. केलेलं पुन्य कोनी सांगत नसते."

"खरंच सांगते. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे माझी. तेवढी देऊन आले तर चालेल का?"

सासरे रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "परीक्षा कायले पाह्यजे, बाई? घरी काय कमी हाय? बरं, तुले हौसच असंल तर देजो की. पुढच्या साली. पाहू."

मी त्या शब्दात वाढले होते. सासऱ्यांच्या पोटात त्या घडीला काय होतं ते मला ठाऊक नाही. कदाचित ते मनापासून बोलले असतील. पण पुढचं साल, त्याच्या पुढचं साल, असं सगळं मला उन्हात घातलेल्या लुगड्यांसारखं ओळीनं दिसलं. वडील माझ्याकडे बघत होते. ते काही बोलले असते तर त्यांचं मी ऐकलं असतं. 

"मी येणार नाही," मी म्हणाले.

 आपण हे बोललो की आपल्या तोंडून निघून गेलं, ते मलाच कळत नव्हतं. सासरे वडिलांकडे बघत राहिले, आणि वडील म्हणाले, "तिनं सांगितलं ना." एवढंच. पाटील उठू लागले तेव्हा आई दारात आली. तिनं डोळे पुसले होते. "पुरण शिजलंय," ती म्हणाली. "जेवल्याशिवाय कोणी उठायचं नाही." आणि सगळे जेवायला बसले. आईनं तिघांनाही आग्रह करून वाढलं, तुपाची धार सोडली. मी नवऱ्याला वाढलं. मला नक्की आठवतं, त्यानं अर्धी पोळी ताटात ठेवली.

पुढं मी परीक्षा दिली. भविष्यकाळातल्या नकारावर एकही प्रश्न आला नाही. सर बाहेर भेटले तेव्हा मला म्हणाले, "तरी वाया जात नाही काही," आणि ते नेमकं कशाबद्दल बोलत होते ते मी विचारलं नाही. काठावर पास झाले, मास्तरीण झाले, संग्रामपूरकडच्या शाळांतही नोकरी केली. सोनाळ्याची गाडी तिथून रोज जायची. पण ते सगळं नंतरचं. मला अजून उलगडत नाही ते त्याच दुपारचं.

जेवण झाल्यावर नवरा हात धुवायला परसात आला. पाणी घालायला मी तांब्या घेऊन गेले. ते मलाच करायचं होतं, दुसरं कोण करणार. आमच्यात लग्नानंतर जितकं बोलणं झालं असेल ते एका बैठकीत सांगून संपेल. मी पाण्याची धार धरली. तो हात चोळत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते.

"म्हंजे माह्यासाठी काईच नव्हतं ते?" तो खाली बघतच म्हणाला.

मला खोटं बोलता आलं असतं. बोलावंसंही वाटलं. त्याच्यासाठी कधी कोणी उपाशी राहिलं असेल असं त्याला याआधी वाटलं नसावं, आणि त्या एका गोष्टीसाठी तो नवा सदरा घालून इतक्या लांब आला होता. मला त्याची इतकी दया आली की तांब्या हातात जड झाला.

"पहिल्या वर्षी होतं," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. "पहिल्या वर्षी दर सोमवारी मी तुमच्यासाठी उपास धरत होते. दिवसभर पाणीसुद्धा घेत नव्हते. तेव्हा पारावर नव्हते जात. इथंच, घरात. आईलासुद्धा ठाऊक नव्हतं."

त्यानं पहिल्यांदाच वर माझ्याकडे पाहिलं.

"तवा कोनी सांगतलं नाही," तो म्हणाला, आणि हात न पुसताच ओसरीवर गेला.